जुना कीबोर्ड विकून सिंथ घ्यावा का?

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका तरुण वाचकाचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा:

"माझं वय २३. पेटी वडिलांकडून शिकलो. चार वर्षांपासून यामाहाचा पीएसआर कीबोर्ड घेऊन आर्केस्ट्रात, भीमगीतांच्या कार्यक्रमांत आणि लग्नांत वाजवतो, त्यावर घरखर्चाला हातभार लागतो. ओळखीचा एक जण नोकरीसाठी पुण्याला चालला आहे. तो आपला रोलंड गाया एसएच-०१ हा व्हर्च्युअल ॲनालॉग सिंथेसायझर मला ३२,००० रुपयांना देतो म्हणतो. माझ्याजवळ १४,००० आहेत. पीएसआर विकला तर बाकीचे १८,००० उभे राहतात. त्याच्या घरी तासभर वाजवून पाहिला, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते म्हणतात, 'ज्या डब्ब्यात तबला नाही, पेटी नाही, तो आणून करशील काय?' दादा, हे व्हर्च्युअल ॲनालॉग नेमकं काय असतं? फायदा काय, तोटा काय? आणि हा सौदा करू का? लहान भाऊ समजून मला अरे-तुरेच करा."

भावा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुण्याला निघालेला माणूस फार दिवस थांबणार नाही. पीएसआर विकून गाया घेऊ नकोस. पीएसआर जागेवर ठेवून घेता येत असेल तर घे, आणि आनंदाने घे. एवढं वाचून तू निर्णय घेतलास तरी चालेल. पण का, ते कळलं तर पुढे दहा वर्षं कामी येईल, म्हणून बाकीचं लिहितो.

बाबांचं वाक्य मनावर घे. त्यांनी सिंथ हातात न घेता त्याची सगळ्यात मोठी अडचण सांगून टाकली आहे. तुझ्या पीएसआरमध्ये पेटी आहे, तबला आहे, बासरी, संतूर, स्ट्रिंग्ज, सगळं आहे, कारण ते कोणीतरी खऱ्या वाद्यावर वाजवून, ध्वनिमुद्रित करून त्यात भरलं आहे. तू नंबर दाबतोस, टोन येतो. व्हर्च्युअल ॲनालॉग सिंथमध्ये असं भरलेलं काही नसतं. त्याच्याकडे दोन-तीन साध्या लहरी असतात, आणि त्या लहरींना कापायची, वळवायची, फुगवायची अवजारं असतात. पेटी हवी असेल तर ती तुला घडवावी लागते, आणि घडवलेली पेटी पेटीसारखी लागते, पेटी होत नाही.

मग लोक त्याच्यासाठी वेडे का होतात? तू स्वतः एका तासात झालास, तेव्हा कारण तुझ्या कानाला ठाऊक आहे. मी त्याला शब्द देतो.

जुने सिंथ खरोखरच्या विजेवर चालायचे. १९७० मध्ये आलेला मिनीमूग घे. त्यात आवाज निर्माण करणारे तीन ऑसिलेटर म्हणजे प्रत्यक्ष सर्किटं होती. एका वेळी एकच स्वर वाजायचा, आणि केलेला टोन साठवायची सोय नव्हती, नॉब कुठे होते ते कागदावर लिहून ठेवायचे. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये एका वेळी पाच स्वर आणि टोन साठवायची मेमरी, दोन्ही आलं. पण ही वाद्यं महाग, जड आणि उष्णतेला हळवी. ट्रान्झिस्टरचं वागणं तापमानाप्रमाणे बदलतं, त्यामुळे स्टेजवरचे दिवे तापले की सूर हलायचा. पुढे १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ आला. तो डिजिटल होता, सुरात पक्का होता, पण त्यावरचे नॉब गेले. एक एक आकडा बटणांनी निवडून बदलायचा आणि इवल्याशा पडद्यावर वाचायचा. बहुतेक वादकांनी टोन करणंच सोडून दिलं आणि तयार टोन घेऊ लागले. आपल्याकडे तीच सवय आजपर्यंत चालत आली आहे.

१९९५ मध्ये स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीने लाल रंगाचा नॉर्ड लीड नावाचा सिंथ काढला. जुन्या सर्किटांमध्ये वीज जशी वागते तो हिशेब त्याच्यातला प्रोसेसर आकड्यांत करत होता, आणि वर एकेका कामाला एकेक नॉब परत आला होता. व्हर्च्युअल ॲनालॉग हे नाव तिथून रुळलं. म्हणजे नावात ॲनालॉग असलं तरी आत सगळं डिजिटल, हे लक्षात ठेव. कोणी 'ओरिजिनल ॲनालॉग आहे' म्हणून भाव वाढवत असेल तर ऐकू नकोस. गाया २०१० साली आलेला, याच घराण्यातला.

आता फायदा. तुला एक प्रयोग सांगतो. त्या माणसाकडे परत जाशील तेव्हा कर. बाकी सगळं बंद करून एकच टोन ठेव. लहर करवती निवड, तिला सॉ म्हणतात. खालच्या सप्तकातली पांढरी एक दाबून धर, म्हणजे १३०.८ हर्ट्झचा सा. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी; ती लो-पास ठेव, म्हणजे वरचा भाग अडवणारी, उतार चोवीस डेसिबल. कटऑफ म्हणजे कुठून अडवायचं ती जागा, आणि रेझोनन्स त्या जागेचा आवाज उठवतो. रेझोनन्सचा नॉब पाऊण फिरव. कटऑफ पूर्ण खाली आण, आवाज जवळपास मरेल. मग कटऑफ अगदी हळूहळू वर ने, एका श्वासात एखादा स्वर जितका लांबवतात तेवढ्या सावकाश.

आधी सा घुमेल. मग वरचा सा. मग प. मग आणखी वरचा सा. आणि त्याच्यावर, ६५४ हर्ट्झच्या आसपास, तुला गंधार ऐकू येईल. बोट एकाच पट्टीवर आहे. तो ग तू वाजवलेला नाहीस, तो त्या एका सामध्ये आधीपासून होता. तानपुरा जुळला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो असं बाबांनी कधी सांगितलं असेल, तोच हा. करवती लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे उपस्वर असतात. फिल्टर एकेकावर बोट ठेवून ते तुला दाखवतो. चौकोनी लहर घेऊन हाच प्रयोग केलास तर दुप्पट आणि चौपट गायब असतील, फक्त विषम उपस्वर सापडतील, आणि क्लॅरिनेटसारखा तो पोकळ आवाज कुठून येतो ते एका मिनिटात कळेल.

पीएसआरवर चारशे टोन असले तरी हे शिकायला मिळत नाही. आणि हे शिकलेला वादक पीएसआरवरसुद्धा वेगळा वाजवतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं आहे. तो गायिकेच्या आवाजावर चढणारा टोन लावत नाही. स्ट्रिंग्ज चिरका लागला की टोन बदलण्याआधी वरचा भाग कमी करून बघतो. फिल्टर म्हणजे काय ते मी मुलांना असं सांगतो: मंगल कार्यालयात डीजे चालू आहे, तू बाहेर आलास आणि मागे दार लागलं. गाण्याचे शब्द, झांज, सगळं गेलं, उरला फक्त दणका. ते दार म्हणजे लो-पास फिल्टर, आणि कटऑफचा नॉब म्हणजे दार किती उघडं ठेवायचं ते.

पेटीवाल्याच्या मुलाला दुसरीही एक गोष्ट लवकर उमगेल. पेटीत खरज आणि नर असे सुरांचे दोन संच असतात, एक सप्तक खालचा आणि एक मूळचा. गायामध्ये एकावर एक असे तीन टोन लागतात, प्रत्येकाचा ऑसिलेटर, फिल्टर, सगळं वेगळं. पहिला जागेवर ठेव, दुसरा एक सप्तक खाली. तिसरा पहिल्याच्या सुरात, पण किंचित हलवलेला. दोन सूर ४४० आणि ४४२ वर असले तर सेकंदाला दोन लहरी उठतात. जुन्या पेटीत जी मऊ थरथर असते ती हीच. मग एनव्हलप, म्हणजे सूर कसा उठतो आणि कसा विरतो ते. भाता भरून सूर उभा राहायला जो क्षण लागतो तो ॲटॅक, बोट उचलल्यावर सूर विरायला लागतो तो रिलीज. यांच्या सरकपट्ट्या हाताखाली असल्या की वाद्याचा स्वभाव बदलताना तुला ऐकू येतो, आणि तो तू बदलतोयस.

सरकत्या सुराचं तर विचारूच नकोस. १९५४ सालच्या 'नागिन' या प्रसिद्ध हिंदी चित्रपटातली बीन आपण सगळे बीन म्हणूनच ऐकत आलो. ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइनवर वाजवली होती, एका वेळी एकच स्वर देणारं ते व्हॉल्व्हचं विजेवरचं कीबोर्ड होतं. आणि १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ हे रोलंडचे सिंथ घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा सिंथ आपल्या गाण्यासाठी परका आहे असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. आजही वरातीत धुमाल बँडवाले नागीण वाजवतात तेव्हा गर्दी त्या सरकत्या सुरावरच नाचते. गाया एकस्वरी करून पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जायची सोय, लावलास तर तो सूर सापडेल. मात्र पोर्टामेंटो एका ठरलेल्या वेळेत इकडून तिकडे जातो, त्याला मींड म्हणायला मी तयार नाही. मींड हवी असेल तर डावा हात पिच बेंडच्या दांड्यावर ठेव. रोलंडचा दांडा आडवा सरकतो, स्प्रिंगने मध्ये परत येतो. उजव्या बोटाने रे, दांड्याने ग, तिथे क्षणभर टेकून परत रे. रोज पंधरा मिनिटं केलंस तर दोन महिन्यांत गाणाऱ्यांच्या जवळ जाशील.

नागपूरकरासाठी आणखी एक फायदा, आणि मला तो मोठा वाटतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि कार्यक्रम उघड्यावर असतो. जुनं खरं ॲनालॉग वाद्य दुपारी साऊंड चेकला सुरात लावलं तर रात्री दहाला तिथे सापडेल याची खात्री नसते. आजकालच्या खऱ्या ॲनालॉगमध्ये स्वतःहून सूर जुळवायची सोय असते, तरी कार्यक्रमाच्या मध्येच ती करायची वेळ येऊ शकते. व्हर्च्युअल ॲनालॉगचा सूर क्रिस्टलच्या ठोक्यावर चालतो. उन्हातून काढ, कुलरसमोर ठेव, सा जिथल्या तिथे. शिवाय गाया चार किलोच्या आसपास आहे आणि पेन्सिल सेलवरही चालतो. स्कूटरवर पाठीला लावून सीताबर्डीपर्यंत जाता येतं.

तोटे आता. यातला पहिला मी स्वतः भोगला आहे, म्हणून तो आधी.

मी सव्वीस वर्षांचा होतो. तुझ्यासारखंच झालं. माझा वाजता कीबोर्ड विकला आणि एक सेकंडहँड व्हर्च्युअल ॲनालॉग घेतला. महिनाभर घरी रात्ररात्र बसलो, इतका आनंद मला त्याआधी कोणत्या वाद्याने दिला नव्हता. मग तेरा एप्रिलची रात्र आली. इंदोऱ्याकडे जयंतीचा कार्यक्रम, समोर मैदान भरलेलं. दुसरंच गाणं, गायकाने मागे वळून पेटी आणि ढोलकी मागितली. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मी स्ट्रिंग्जसारखा एक टोन लावला, तो त्या गाण्यावर तेलासारखा तरंगत राहिला. गायक समजूतदार होता, त्याने निभावून नेलं. पण चौथ्या गाण्याच्या मुखड्यावर मी टोन बदलला आणि थोडा उजळ करावा म्हणून कटऑफच्या नॉबला हात लावला. आवाज गेला. एकदम, पूर्ण.

झालं काय होतं ते नीट समजून घे, कारण हे गायावरही होईल. टोन मेमरीतून बोलावला की आतले आकडे बदलतात, पण वरचे नॉब आणि सरकपट्ट्या मागच्या टोनला जिथे ठेवल्या होत्या तिथेच असतात. माझा कटऑफ मागच्या गाण्यासाठी तळाला होता. आतल्या टोनचा उघडा होता. मी नॉबला हात लावताच यंत्राने नॉबचं ऐकलं आणि फिल्टर बंद झाला. चार-पाच सेकंद लागले मला नॉब वर न्यायला. मैदानात बसलेल्या आणि सकाळपासून उपाशीतापाशी मिरवणुकीची तयारी करून आलेल्या लोकांसमोर ते चार-पाच सेकंद. त्यानंतर तीन महिने मला त्या पार्टीची एकही नाईट आली नाही, आणि त्यात त्यांची चूक होती असं मला आजही वाटत नाही. त्यांना पेटी हवी होती. माझ्याकडे होती ती मी विकली होती.

म्हणून सांगतो, पीएसआर तुझं पोट आहे. तो विकायचा नाही.

गायामध्ये मॅन्युअल नावाचं बटण आहे, ते दाबलं की सरकपट्ट्या-नॉब जिथे आहेत तोच टोन होतो. हे घरी शिकताना उत्तम. पण स्टेजवर नियम एकच: टोन बोलावल्यावर सरकपट्टीला किंवा नॉबला हात लावायचा तर तो आधी कुठे आहे ते बघायचं.

दुसरं, त्याला पडदा नाही. आठ बँका, प्रत्येकीत आठ, असे तुझे ६४ टोन बसतात, पण नाव कुठेच दिसत नाही. सी-पाच म्हणजे काय होतं ते तुला पाठ असलं पाहिजे किंवा चिकटपट्टीवर लिहून ठेवलं पाहिजे. मंद उजेडात, गाण्याची यादी ऐन वेळी बदलली की त्रास होतो. पट्ट्या ३७, म्हणजे तीन सप्तकं. पेटीवर वाढलेल्या हाताला ती पुरतात, पण डावीकडे बेस आणि उजवीकडे लीड असं वाटून वाजवायची सवय असेल तर जागा पुरणार नाही. निदान पट्ट्या पूर्ण आकाराच्या आहेत. कॉर्गच्या मायक्रोकॉर्गच्या छोट्या आहेत, तुझ्या हाताला त्या मी सुचवणार नाही.

मायक्रोकॉर्गचं नाव निघालं म्हणून पॉलिफनीचंही, म्हणजे एका वेळी किती स्वर वाजतात तेही सांगतो, कारण स्वस्तात मिळाला म्हणून तो घ्यावासा वाटेल. त्यात एका वेळी चार स्वर. उजव्या हाताने सा-ग-प धर, डाव्याने खालचा सा, झाले चार. पाचवा स्वर दाबला की आधीचा एखादा तुटतो, आणि तो तुटताना ऐकू येतो. दोन टोन एकावर एक लावले तर चाराचे दोनच उरतात. २००२ पासून जगभर लोकांनी तो आवडीने वाजवला, बोलण्याला सिंथचा आवाज देणारा त्याचा वोकोडर सुंदर आहे, पण लीड आणि बेससाठी. गायामध्ये ६४ स्वर आहेत. तीन टोन आणि इफेक्ट लावले तर प्रत्यक्षात कमी पडतात, तरी तुझ्या कामाला ते संपणार नाहीत.

आता कानाचे तोटे. मघाचा कटऑफचा प्रयोग आठव. सावकाश फिरवताना तुला सरळ चढण ऐकू येते की पायऱ्या ऐकू येतात, हे बघ. बऱ्याच व्हर्च्युअल ॲनालॉगमध्ये नॉबची पूर्ण फेरी ० ते १२७ अशा आकड्यांत मोजली जाते. जोरात फिरवलं तर कळत नाही. रेझोनन्स चढवून हळू नेलं तर स्वर जिना चढल्यासारखा चढतो. खऱ्या ॲनालॉगमध्ये तो वाहतो. हा फरक लहान नाही, आणि ज्याला मींडेची सवय आहे त्याला तो इतरांपेक्षा आधी खटकतो.

दुसरा प्रयोग. ऑक्टेव्हचं बटण वर नेऊन सगळ्यात वरच्या स्वरांकडे जा, करवती लहर, फिल्टर पूर्ण उघडा, आणि पिच बेंडने सूर वर ने. नीट ऐकलंस तर कधी कधी सूर वर जात असताना एक बारीक कुजबुज खाली येते. त्याचं कारण हिशेबात आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारं यंत्र २२,०५० हर्ट्झपर्यंतच आवाज मांडू शकतं. ४,१८६ हर्ट्झच्या सा चा पाचवा उपस्वर २०,९३० वर बसतो, पण सहावा २५,११६ वर जातो. त्याला जागा नाही. मग तो भिंतीवर आपटून परत आल्यासारखा १८,९८४ वर उमटतो, आणि तो मूळ सुराच्या कोणत्याच पटीत नसतो, म्हणजे बेसूर असतो. त्याच्या वरचे उपस्वर आणखी खाली येतात. चांगली यंत्रं हे बरंच आवरतात, स्वस्त यंत्रांत राहतं. गायाच्या अगदी वरच्या स्वरांत मला थोडा खरखरीतपणा जाणवतो. गाण्याच्या मधल्या सप्तकात तो नडत नाही.

आणि एकच टोन लावला तर गाया पातळ लागतो, हे मान्य करायला हवं. दोन टोन लावून किंचित हलवले की भरतो. त्यात सुपरसॉ नावाची लहर आहे, सात करवती एकत्र, थोड्या थोड्या सरकवलेल्या. ती रोलंडने नव्वदीच्या उत्तरार्धात जेपी-८००० मध्ये आणली आणि आज मिरवणुकीच्या डीजेवर तुला जो मोठा, पसरट लीड ऐकू येतो तो बहुतेक वेळा तिच्यातूनच निघालेला असतो. तुझ्या पार्टीत रिमिक्सची दोन-तीन गाणी असतील तर तिथे गाया पीएसआरला सहज मागे टाकेल. आर्केस्ट्रात पीएसआर खाली, गाया वरच्या स्टँडवर, ही जोडी मला सगळ्यात योग्य वाटते.

पैशाचं. घरात लॅपटॉप असेल तर ३२,००० काढण्याआधी एक काम कर. सर्ज एक्सटी नावाचा सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतो, मूळ सर्ज २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, ही त्याची पुढची आवृत्ती. लहरी, फिल्टर, एनव्हलप, मी वर लिहिलं ते सगळं त्यात आहे, आणि गायापेक्षा जास्त आहे. पीएसआरच्या मागे यूएसबीचं चौकोनी तोंड असेल, तिथून केबल लॅपटॉपला लाव, पट्ट्या पीएसआरच्या आणि आवाज सर्जचा. बोट दाबल्यावर आवाज उशिरा येतो असं वाटलं तर ऑडिओ सेटिंगमधला बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी साठवायच्या नमुन्यांची संख्या, कमी कर. १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे एकट्या त्याचेच २३ मिलिसेकंद, ते बोटाला कळतात. २५६ वर ते सहापेक्षा कमी होतात. स्टेजवर मात्र लॅपटॉप नेऊ नकोस, आपल्याकडच्या जनरेटरच्या विजेवर आणि धुळीत मी त्याच्यावर विसंबणार नाही.

दोन महिने हे कर. माऊसने नॉब फिरवायचा कंटाळा आला आणि तरीही तू रात्री टोन घडवत बसत असशील, तर गाया तुझ्यासाठी आहे. तयार टोनच चाळत बसत असशील, तर ३२,००० वाचले, आणि त्यात काही कमीपणा नाही. उत्तम वाजवणारे कितीतरी जण स्वतः एकही टोन करत नाहीत.

तोवर तो माणूस पुण्याला गेला तर? त्याला आजच फोन कर. १४,००० आता घे आणि उरलेले तीन-चार महिन्यांत, लग्नसराईच्या नाईटमधून देतो, असं सरळ विचार. ओळखीचा आहे, कदाचित मानेल. नाही मानला तर जाऊ दे. नोकरी लागली, लग्न झालं, गाव बदललं की लोक सिंथ विकतात, हे चालूच असतं. मात्र व्याजाने पैसे उचलू नकोस.

घ्यायचं ठरलं तर बघायला दिवसा जा आणि दोन तास हातात ठेव. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाब, एखादी सारखीच जोरात वाजत असेल तर तिच्याखालचा संपर्क खराब आहे. प्रत्येक सरकपट्टी टोकापासून टोकापर्यंत ने, मध्येच आवाज उडी मारत असेल तर आत आपली नागपूरची धूळ गेली आहे. गायावर अशा पट्ट्या बऱ्याच आहेत, तेव्हा हे सोडू नकोस. पिच बेंडचा दांडा सोडल्यावर सूर बरोबर जागेवर येतो का ते ट्यूनरवर बघ. एक टोन साठव, बंद कर, चालू कर, आहे का बघ. हेडफोनचा आणि आउटपुटचा, दोन्ही जॅक लावून हलव. अडॅप्टर मूळचा आहे का विचार. दुसऱ्या कंपनीचा ९ व्होल्टचा बसतो म्हणून लावू नकोस, पिनमधलं धन-ऋण उलटं असू शकतं. वाद्याच्या मागे त्याचं चित्र छापलेलं असतं, ते जुळलं पाहिजे.

आणि बाबांना सोबत ने. त्यांच्यासमोर ती खरज-नरची जोडी लाव, तिसरा टोन किंचित हलव, आणि लहर किती ठेवायची ते त्यांना विचार. ते 'बस' म्हणतील तिथे थांब आणि तो टोन साठवून ठेव.